सावली कुणाच्या मालकीची? शिवाजी पार्कच्या झाडांचा हिशेब

"हे झाड कुणाचं हाय गं?"

आजीचा हा प्रश्न मला अजून आठवतो. ६ डिसेंबर होता आणि मी नऊ वर्षांची होते. परभणीहून रात्रभर रेल्वेच्या डब्यात खाली बसून आम्ही दादरला उतरलो होतो. चैत्यभूमीच्या रांगेत कितीतरी तास उभे राहून दर्शन झाले. मग शिवाजी पार्कच्या कडेला एका अवाढव्य झाडाखाली मावशीने चादर अंथरली. आम्ही पोरे लगेच आडवी झालो. आजी मात्र उभीच होती. तिने आधी वर बघितले, मग इकडेतिकडे बघितले आणि हा प्रश्न विचारला. मावशी म्हणाली, "कुणाचं आसंल? सरकारचं आसंल. बस की." तेव्हा कुठे आजी बसली.

पुढे समाजशास्त्रात एम. ए. करताना 'सार्वजनिक अवकाश' या विषयावर बरीच जाडजूड पुस्तके वाचली. पण आजीच्या त्या एका प्रश्नात जे होते ते त्या पुस्तकांत मला सापडले नाही. आमच्या गावात मारुतीच्या देवळासमोर वडाचे मोठे झाड आहे. त्याला दगडी पार आहे. आजीने त्या गावात पन्नासहून जास्त वर्षे काढली, त्या झाडावरून रोज शेतात गेली, पण पारावर ती कधी टेकली नाही. सावलीला मालक असतो, आणि तो मालक आपण नसतो, हे तिला पक्के ठाऊक होते. म्हणून मुंबईत झाडाखाली बसण्याआधी तिने ते कुणाचे आहे हे विचारले.

मित्रहो, या लेखात मला एवढेच सांगायचे आहे की सावली ही पाण्यासारखीच सार्वजनिक मालमत्ता आहे. पाण्यासारखेच तिचे वाटपही या देशात जात आणि वर्ग पाहून झाले आहे. पाण्याचा लढा आपण लढलो. सावलीचा लढा आपण अजून आपला मानलेला नाही. तो का मानला पाहिजे, हे दादर-शिवाजी पार्क या समुद्राकाठच्या उपनगराच्या झाडांच्या इतिहासातून बघू.

माडांच्या वाड्या आणि एक ठराव

आज आपण ज्याला दादर पश्चिम आणि शिवाजी पार्क म्हणतो, तो भाग दीडशे वर्षांपूर्वी माहीमच्या माडबागांचा पट्टा होता. नारळाच्या आणि ताडामाडाच्या वाड्या, मधून शेते, काठाला कोळ्यांची वस्ती. मुंबईच्या जुन्या नावांत झाडेच झाडे आहेत. ताडदेव, चिंचपोकळी, उमरखाडी, फणसवाडी ही नावे झाडांची आठवण सांगतात. ही झाडे शोभेची नव्हती, ती पोटापाण्याची होती. माडावर चढून ताडी-माडी काढणे हा भंडारी समाजाचा परंपरागत धंदा. इंग्रज सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने त्यावर कराचा आणि परवान्यांचा असा फास आवळला की अनेकांचा धंदा मोडला. झाड तेच, चढणारा तोच, पण उत्पन्न सरकारी तिजोरीत. मुंबईतल्या झाडांचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण 'इथे पूर्वी हिरवीगार माडबने होती' असे हळहळून पुढे जातात. त्या बनात राबणाऱ्या माणसाचे काय झाले, हे विचारत नाहीत.

याच भंडारी समाजातून रावबहादूर सीताराम केशव बोले पुढे आले. दादर पश्चिमेला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. आपल्यातले हजारो लोक त्या रस्त्याने जातात, पण नावाकडे कुणी बघत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात ज्यांनी ठराव मांडून मंजूर करून घेतला, तेच हे बोले. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या संस्था चालवतात ते पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. त्याच ठरावाला धरून महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, पण फक्त कागदावर. तो कागद प्रत्यक्षात आणण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले.

बोले ठरावाचे तत्त्व नीट समजून घ्या. जे सार्वजनिक पैशातून उभे राहिले, ते सर्वांचे. हे तत्त्व तळ्याला लागू होते तसेच रस्त्याकडेच्या झाडालाही लागू होते. रस्ता सार्वजनिक, खड्डा खणणारा मजूर पालिकेचा, पाणी पालिकेचे, राखण पालिकेची. मग सावली कुणाची?

एकाच ट्रस्टचे दोन चेहरे

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. गिरणगावातल्या आणि जुन्या शहरातल्या दाटीवाटीच्या, अंधाऱ्या, कोंदट चाळींत माणसे पटापट मेली. तेव्हा सरकारला एकदम हवा आणि उजेड आठवला. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, समुद्राचा वारा शहरात खेळवायचा आणि उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नवी उपनगरे वसवायची, असे त्याचे काम होते. दादर, माटुंगा, शीव इथल्या योजना त्यातूनच आल्या. आखीव रस्ते, दोन्ही बाजूंना झाडे, मध्ये बागा, इमारतींमध्ये मोकळी जागा. दादरची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ही त्याची फळे. नावांकडेच बघा. वसाहतींची ओळख सुरुवातीपासून धर्माने आणि जातीने ठरलेली होती. रस्ता सरकारचा, झाडे सरकारची, पण त्या सावलीत घर कुणाचे, हे समाज ठरवत होता.

याच ट्रस्टने गरिबांसाठीही बांधले. काय बांधले? बीआयटी चाळी. एका खोलीत अख्खे कुटुंब, समोर लांब व्हरांडा, कोपऱ्यात सामाईक संडास. प्लेगने ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली, त्या कष्टकऱ्यांच्या वाट्याला ही खोली आली. हवा, उजेड आणि झाडे यांचा मोठा वाटा भाडे परवडणाऱ्या पांढरपेशा वर्गाकडे गेला.

आता आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट. परळच्या बीआयटी चाळीत, एक नंबरच्या इमारतीत, बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. 'मूकनायक'चा काळ, महाडचा काळ, गोलमेज परिषदांचा काळ, सगळा त्या खोल्यांमधून गेला. त्यानंतर ते हिंदू कॉलनीतल्या राजगृहात राहायला गेले. म्हणजे ट्रस्टने कामगारांसाठी बांधलेली चाळ आणि ट्रस्टनेच मध्यमवर्गासाठी आखलेली झाडांची वसाहत, या दोन्ही ठिकाणी बाबासाहेब राहिले आहेत. दोन्हींमधले अंतर दोन-तीन किलोमीटरचे, पण ते कापायला एवढ्या मोठ्या माणसालाही बावीस वर्षे लागली. आणि परळहून निघालेले सगळेच काही राजगृहाला पोहोचले नाहीत.

माहीमच्या बाजूला, समुद्राला लागून, पालिकेने १९२५ मध्ये एक मोठे मैदान लोकांसाठी खुले केले. त्याचे नाव माहीम पार्क. १९२७ मध्ये छत्रपतींच्या जन्माच्या त्रिशताब्दीला नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचे शिवाजी पार्क झाले. सुमारे २८ एकरांचे मैदान आणि त्याभोवती वर्षावृक्षांची रांग. आजूबाजूच्या इमारती पुढच्या दहा-पंधरा वर्षांत उभ्या राहिल्या. त्यांत आली ती प्रामुख्याने वरच्या जातींतली मराठी मध्यमवर्गीय कुटुंबे. चवदार तळ्याचे पाणी आणि शिवाजी पार्कचे नाव, दोन्ही एकाच १९२७ सालातले. एकीकडे आपण सार्वजनिक पाण्याला हात लावला म्हणून डोकी फुटत होती, दुसरीकडे सार्वजनिक पैशातून सार्वजनिक सावली वाढत होती.

परका वर्षावृक्ष आणि देशी पार

त्या वर्षावृक्षाविषयी थोडे सांगते. हे झाड इथले नाही. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, इंग्रजांच्या काळात एकोणिसाव्या शतकात भारतात आले. भराभर वाढते, उघडलेल्या छत्रीसारखे पसरते आणि रुंद रस्त्यावर एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत छत धरते. संध्याकाळी आणि आभाळ भरून आले की त्याची पाने मिटतात. म्हणूनच त्याला हे नाव पडले असे म्हणतात. झटपट सावली हवी असलेल्या नगररचनाकारांना हे झाड सोयीचे वाटले. मादागास्करचा गुलमोहर असाच इथे आला आणि इथलाच झाला.

हल्ली काही मंडळी 'परदेशी झाडे हटवा, देशी झाडे लावा' असा आग्रह धरतात. पक्षी, कीटक, माती यांचा विचार केला तर देशी झाडे लावणे योग्यच आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. पण 'परके' आणि 'आपले' ही भाषा आली की माझे कान टवकारतात. कारण आमच्या गावचा देशी वड पूर्ण देशी होता, आणि त्याच्या पारावर आजीला जागा नव्हती. दादरच्या परक्या झाडाने तिला जात विचारली नाही. दोष वडाचा नव्हता, हेही तितकेच खरे. झाडाला जात नसते. जात असते ती झाडाभोवती बांधलेल्या पाराला. तेव्हा झाड देशी की विदेशी या वादात पडण्याआधी त्याच्याभोवती पार कुणी बांधला आहे ते बघा.

बागेत मिळालेले बुद्धचरित्र

सार्वजनिक सावलीने आपल्याला काय दिले, याचा एक दाखला बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे. शाळकरी भीमराव चाळीतल्या गर्दीतून अभ्यासाला जागा मिळावी म्हणून चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तिथे कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजी येत. बागेत वाचत बसलेल्या या मुलाकडे त्यांचे लक्ष गेले, ओळख झाली, ते त्याला पुस्तके देऊ लागले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्कार सभा झाली. तिचे अध्यक्ष होते सी. के. बोले. त्याच सभेत केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले.

जरा विचार करा. ती बाग खाजगी असती, तिथे प्रवेशाला पैसे किंवा जात लागत असती, तर ही भेट कुठे झाली असती? १९५६ च्या धम्मदीक्षेपर्यंत जाणाऱ्या वाटेवरचे एक पाऊल एका सार्वजनिक बागेत पडले आहे. केळुस्करांच्या नावाचा रस्ता आज शिवाजी पार्कला लागूनच आहे. ६ डिसेंबरला आपले लोक त्याच रस्त्यावरच्या झाडांखाली विसावतात.

दुसरा दाखला कडू आहे. परदेशात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. ओळखीच्या हिंदू मित्राने आणि ख्रिस्ती मित्रानेही आसरा दिला नाही. मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनीच हे लिहून ठेवले आहे. सगळी घरे बंद झाली तेव्हा फक्त सार्वजनिक बाग उघडी होती. बाग आणि रस्त्यावरचे झाड ही ज्यांना घर आहे त्यांच्यासाठी हौस आहे. ज्यांना घराबाहेर काढले जाते त्यांच्यासाठी तो शेवटचा आसरा आहे.

६ डिसेंबर आणि 'कचऱ्याची' बातमी

७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. ५ डिसेंबर १९७१ रोजी तिथल्या स्तूपाचे उद्घाटन मीराताई आंबेडकरांच्या हस्ते झाले. तेव्हापासून दरवर्षी लाखो लोक येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, कर्नाटकातून, उत्तर प्रदेशातून. बहुतेकांकडे हॉटेलचे पैसे नसतात. पालिका मंडप घालते, पाणी ठेवते, पण दुपारच्या उन्हात पाय लांबवायला झाडाची सावलीच कामी येते. पुस्तकांचे स्टॉल, शाहिरांचे जलसे, तपासणीचे फुकट दवाखाने, हे सगळे त्याच सावलीत चालते. ज्या उपनगराच्या इमारतींत आपल्याला एके काळी भाड्याने खोली मिळणे अवघड होते, त्याच उपनगराच्या झाडांखाली वर्षातून तीन-चार दिवस आपण हक्काने बसतो. मी याला रोजच्या जगण्यातला चवदार तळ्याचा सत्याग्रह मानते.

आणि दरवर्षी ७ डिसेंबरला कुठे ना कुठे छापून येते किंवा मोबाईलवर फिरते की शिवाजी पार्क घाण झाले, झाडांखाली कचरा झाला. या मैदानावर शंभर प्रकारचे मेळावे होतात. कचरा फक्त आमचाच दिसतो. शिवाय त्या झाडांखालचा पालापाचोळा वर्षाचे ३६५ दिवस कोण झाडते, हा प्रश्न त्या बातमीत कधी नसतो. वर्षावृक्षाची बारीक पाने आणि चिकट शेंगा यांचा सडा पहाटे पहाटे उचलणारे हात बहुतांशी आपल्याच समाजाचे आहेत. दादरच्याच कासारवाडीत पालिकेच्या सफाई कामगारांची वसाहत आहे. कंत्राटी सफाई कामगारांना कायम नोकरीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले, तेव्हा कुठे २०१७ मध्ये २,७०० कामगारांच्या बाजूने निकाल लागला. 'हिरवेगार दादर' ज्यांच्या झाडूवर टिकून आहे, त्यांच्या स्वतःच्या घरासमोर किती झाडे आहेत, हे एकदा जाऊन बघा.

एकाच वॉर्डात दोन हवामाने

महापालिकेचा जी-उत्तर वॉर्ड घ्या. दादर, शिवाजी पार्क, माहीम आणि धारावी या एकाच वॉर्डात येतात. कार्यालय एक, उद्यान विभाग एक, अर्थसंकल्प एक. मे महिन्यात दुपारी दोन वाजता आधी शिवाजी पार्कच्या भोवतीच्या फुटपाथवरून चाला आणि मग धारावीच्या कुठल्याही गल्लीतून चाला. एकाच वॉर्डात दोन हवामाने आहेत हे तुमच्या डोक्याच्या टाळूला कळेल. धारावीत जागाच नाही, असे उत्तर मिळते. जागा नाही हे खरे. पण ती का नाही? खाडीकाठच्या दलदलीत, कातडी कमावण्याच्या कारखान्यांभोवती, शहराने नको असलेली माणसे आणि नको असलेले धंदे ढकलले. त्यांच्यासाठी रस्ता आखला नाही. रस्ताच नाही तर रस्त्याकडेचे झाड कुठून येणार?

आणि जमीन वाईट होती असेही नाही. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. तिथे झाडे लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे केले, ते १९९४ मध्ये खुले झाले. कचऱ्याच्या ढिगावर सदतीस एकरांचे जंगल वाढू शकते, तर वस्तीत दहा झाडे का वाढू शकत नाहीत? कारण नकाशा काढताना ती कुणी मागितली नाहीत, आणि कुणी दिली नाहीत.

पालिकेच्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे पावणेतीस लाख झाडे मोजली गेली. त्यांतली रस्त्याकडेची झाडे दोन लाखांहून कमी आहेत. बाकीची मुख्यतः खाजगी आणि सरकारी आवारांत, म्हणजे कुंपणाच्या आत. ज्याच्यासमोर कुणाचे गेट नाही, कुणाचा वॉचमन नाही, असे झाड फक्त रस्त्यावरचे. चप्पल शिवणाऱ्याची पेटी, इस्त्रीवाल्याचे टेबल, नाक्यावर कामाची वाट बघणारा मजूर, डिलिव्हरी करणारा पोरगा, हे सगळे त्या झाडाखाली असतात. रस्त्यावरचे झाड तुटले की बंगल्यातला माणूस एसी लावतो. चप्पल शिवणाऱ्याची मात्र कामाची जागाच जाते.

'झाडे हा आपला प्रश्न नाही'

हे वाक्य मी आपल्याच बैठकांत ऐकले आहे. 'ताई, आधी अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती बघू. झाडे-बिडे हे पर्यावरणवाल्यांचे, गाडीतून येणाऱ्यांचे काम.' या म्हणण्यात तथ्य आहे. या शहरात झाडे वाचवायच्या नावाने झोपड्या हटवायची मागणी करणारेही आपण पाहिलेत. त्यांच्यावरचा अविश्वास आपल्या अनुभवातून आला आहे. पण त्यांनी विषय बळकावला म्हणून आपण विषय सोडून द्यायचा का? मंदिरवाल्यांनी पाणी बळकावले होते, म्हणून बाबासाहेबांनी पाणी सोडून दिले नाही.

आणि हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला सरकारी पुरस्कार सोहळा झाला. मंचावर छप्पर होते, मैदानात बसलेल्या लाखो सामान्य माणसांवर ऊन होते. उष्माघाताने चौदा माणसे गेली. सावलीचे वाटप असे होते. एप्रिलच्या त्याच उन्हात आपण १४ तारखेला मिरवणुका काढतो. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया त्यात चालतात. सावली हा आपला प्रश्न नाही असे म्हणायची सोय आपल्याला नाही.

इथे मला स्वतःची चूक सांगितली पाहिजे. मी ज्या वस्तीत काम करते, तिथे नाक्यावर बदामाचे एक मोठे झाड होते. अंगणवाडीच्या बायका मुलांना घेऊन त्याच्याखाली बसायच्या, एक चर्मकार काका तिथे बावीस वर्षे पेटी मांडून होते. एके दिवशी बुंध्यावर नोटीस चिकटली. कुठल्याशा कामासाठी झाड काढणार, हरकत असल्यास मुदतीत कळवावे. मी नोटीस वाचली. मोबाईलवर फोटोही काढला. पण तो जयंतीचा आठवडा होता. वर्गणी, मंडप, वक्ते, परवानगी यांत मी बुडालेली होते. नंतर बघू म्हटले. जयंती जोरात झाली, आणि त्यानंतर चारच दिवसांत झाड गेले. काका म्हणाले, "ताई, तुमी वाचलं व्हतं ना ते?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. काकांनी छत्री बांधून पाहिली, ती पहिल्याच पावसात उडाली. आता ते दुसऱ्या नाक्यावर बसतात, तिथे गिऱ्हाईक निम्मेही नाही. ज्या जयंतीसाठी मी झाड विसरले, त्या जयंतीत आम्ही 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असा फलक लावला होता. नोटीस वाचणे हे शिकणे झाले. पुढच्या दोन गोष्टी मी केल्या नाहीत.

अशोकाचा रस्ता

आपण धम्म स्वीकारला आहे. आपल्या प्रत्येक विहारासमोर बोधीवृक्ष असावा असे आपल्याला वाटते, ते बरोबरच आहे. पण बऱ्याच ठिकाणी आपण त्या पिंपळालाही कठडा घातला, फरशी बसवली, मुळांना पाणी जाईना अशी काँक्रीटची पक्की बैठक केली आणि त्याच्याभोवती आपलाच एक नवा पार बांधला. बुद्ध पिंपळाखाली बसले. त्यांनी त्याला कुंपण घातले नव्हते.

सम्राट अशोकाने काय केले ते आठवा. सातव्या स्तंभलेखात तो सांगतो की रस्त्यांच्या कडेने वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खणल्या, आणि हे माणसांसाठी तसेच जनावरांसाठी केले. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात रस्त्याकडेचे झाड हे राज्याचे कर्तव्य मानले गेले. त्या सावलीला वर्ण नव्हता. अशोकाचे लेख आपल्या किनाऱ्यावरही होते. दादरहून लोकलने जाता येईल अशा नालासोपाऱ्याला त्याच्या शिलालेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये आणि दुसरा, योगायोगाने, १९५६ मध्ये सापडला. तेव्हा रस्त्यावरचे झाड ही इंग्रजांची देणगी आहे, आणि झाडांची काळजी हा उच्चभ्रूंचा छंद आहे, या दोन्ही समजुती सोडून द्या. हा आपला जुना वारसा आहे. मध्ये तो पाराच्या मालकांनी काढून घेतला होता.

मग करायचे काय?

राज्यात नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ पासून आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण असते, झाड तोडण्याआधी नोटीस लावावी लागते, आपल्याला हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. शिवाजी पार्कचे लोक हा कायदा वापरतात. त्यांच्याकडे वकील आहेत, वेळ आहे, वर्तमानपत्रांत ओळखी आहेत. म्हणून त्यांची झाडे टिकतात. त्यांनी हे करू नये असे मी म्हणत नाही. आपणही करावे असे म्हणते. अॅट्रॉसिटीचा कायदा जसा आपल्या कार्यकर्त्याला कलमांसह पाठ असतो, तसा हाही असायला हवा.

आपल्या प्रत्येक वस्तीतल्या तरुणांनी नाक्यापासून नाक्यापर्यंत झाडे मोजावीत, फोटो काढावेत, त्यांच्याखाली कोण बसते आणि कुणाचे पोट चालते हे लिहून ठेवावे. नोटीस लागली की त्याच दिवशी लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. बुंध्याभोवतीचे काँक्रीट फोडून माती मोकळी करून द्या, असा अर्ज वॉर्डात द्यावा. मुंबईत गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकणाने आणि गुदमरलेल्या मुळांनी किती वर्षावृक्ष वाळून गेले, ते सगळ्यांनी पाहिले आहे.

वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी असोत की धारावी, पुनर्विकासाचे नकाशे पुढ्यात आले की आपण चटईक्षेत्र विचारतो, पार्किंग विचारतो. त्याच बैठकीत विचारा, आमच्या इमारतींमधून जाणाऱ्या रस्त्यावर झाडे कुठे आहेत? पोडियमवरच्या कुंड्या आम्हाला नकोत. जमिनीत मुळे धरणारी, रस्त्यावर सावली पाडणारी झाडे हवीत. १८९८ च्या ट्रस्टने एकाला रस्त्याकडेची झाडे आणि दुसऱ्याला एक खोली दिली. आज पुन्हा तसाच नकाशा काढला जात असेल, तर या वेळी आपण गप्प बसता कामा नये.

आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर येणाऱ्या प्रत्येकाने झाडाखालून उठताना आपला कागद, आपली पत्रावळ उचलून न्यावी. टीका करणाऱ्यांच्या भीतीने नव्हे. ती झाडणारी बाई आपलीच बहीण आहे म्हणून.

आजी गेली त्याला आता अकरा वर्षे झाली. शेवटपर्यंत ती गावच्या पारावर बसली नाही. आता तिथे आमची पोरे बसतात, कधी भांडून, कधी सहज. पण मुंबईच्या त्या झाडाची गोष्ट ती गावात सगळ्यांना सांगायची. म्हणायची, "एवढं मोठं झाड, आन् कुनी उठ म्हनलं न्हाई." एवढ्याशा गोष्टीचे एका माणसाला आयुष्यभर अप्रूप वाटावे, यातच या देशाचा इतिहास आला. तिच्या प्रश्नाचे उत्तर मावशीने 'सरकारचं' असे दिले होते. ते अर्धेच बरोबर होते. झाड आपले आहे. कागदावर ते आधीच आपले आहे, तळ्यासारखे. आता तिथवर चालत जायचे आहे.

जय भीम.